चौथे माप

या सदरात इतरांचे अनुभव मी नेहमी वाचतो. वाचून बाजूला ठेवतो. भुतेखेते, चाहूल, संकेत यांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि खरे सांगायचे तर आजही आहे असे म्हणवत नाही. मी शाळामास्तर आहे. गणित आणि भूगोल शिकवण्यात वीस वर्षे गेली. जे मोजता येत नाही त्याविषयी बोलू नये, असे मुलांना सांगत आलो आहे. पुढे लिहिले आहे ते मात्र सगळे मोजलेलेच आहे... अडचण तीच आहे.

इतकी वर्षे हे लिहिले नाही, कारण ज्यांना त्यामुळे त्रास झाला असता त्या माझ्या वहिनी हयात होत्या. या मार्गशीर्षात त्या गेल्या.

आमचे घर प्रकाशा गावचे. तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. दोघे भाऊ. थोरला दादा जमीन मोजणीच्या खात्यात होता. साखळी, कंपास, फळी घेऊन त्याने तळोदा-शहाद्याची शिवारे पायाखाली घातली होती. बसल्या जागी आकडे लिहून मोजणी झाली असे दाखवणाऱ्या माणसांचा त्याला फार राग. अशा एकाच्या हातातून नोंदवही हिसकावून त्याने ती त्याच्याच समोर विहिरीत टाकली होती, आणि मग स्वतःच्या पगारातून नवी घेऊन दिली होती. असा तो होता.

मागच्या महायुद्धाच्या सहा-सात वर्षे आधीची गोष्ट. हिवाळ्यात नंदुरबार स्टेशनावर चार परदेशी माणसे उतरली. तिघे तीन देशांचे आणि चौथा त्यांचा डॉक्टर. जगात ठिकठिकाणी खोल गुहांत उतरून त्यांचे नकाशे करणे, हे त्यांचे काम. त्यांचे म्होरके एक वयस्कर प्रोफेसर होते. आपल्याकडच्या काळ्या दगडात फार खोल गुहा होत नाहीत असे त्यांच्या पुस्तकांत होते, आणि धडगावच्या वर, अक्राणीच्या डोंगरात तशी एक आहे असे कोणा वनखात्याच्या साहेबाने त्यांना कळवले होते. त्यांना मोजणीची माहिती असलेला इथला माणूस हवा होता. दादाला खात्याने दीड महिन्यासाठी दिले. नोंदवही लिहायला इंग्रजी येणारा आणि अक्षर बरे असलेला माणूस हवा, म्हणून दादाने मला ओढले. शाळेला रजा टाकून मी गेलो.

त्या पाड्याचे नाव मी देत नाही. वस्ती पावरा आदिवासींची. गुहेचे तोंड एका ओढ्याच्या वर, अंजनाच्या झाडांमागे, बैलगाडी जाईल एवढे. वस्तीतले खेत्याबाबा आमच्याबरोबर तोंडापर्यंत येत, आत येत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट बजावली, ती दादाने मला समजावून सांगितली. त्यांच्यातला कोणी मध किंवा हरवलेले बकरू शोधायला आत गेला, तर एक माणूस मागे बसतो. आतल्याने हाक दिली की मागच्याने ओ द्यायची. प्रत्येक हाकेला. ओ मिळाली नाही तर आतल्याला कोणीकडे परतायचे ते कळत नाही. दादा हसून म्हणाला, सायबांचा नियम आणि बाबांचा नियम एकच निघाला.

ते खरे होते. आमची रीत अशी. दादा टेपची डबी, कंपास आणि दिवा घेऊन पुढे जाई. टेपचे टोक माझ्याकडे. तो थांबला की अंतर फुटांत आणि दिशा कंपासच्या अंशांत मोठ्याने सांगे. मी ते आकडे जसेच्या तसे परत म्हणायचे. त्याने ‘बराबर शे’, म्हणजे बरोबर आहे, असे म्हटल्यावरच वहीत उतरवायचे. न म्हणता लिहिलेला आकडा प्रोफेसरांच्या लेखी आकडाच नव्हता. माप झाले की दादा टेपला दोन हिसके देई, मी टोक सोडून त्याच्याकडे जाई, आणि तो त्या जागी दिव्याच्या काजळीने भिंतीवर क्रमांक लिही. अशा जागेला ते लोक ‘स्टेशन’ म्हणत. दादाला त्याची गंमत वाटे. नंदुरबारनंतर चिंचपाडा आणि मग एकदम खेत्याबाबा, असे तो म्हणायचा.

पंधरा दिवसांत आम्ही एकट्या मुख्य वाटेवर दीड हजार फूट आत गेलो. आत ना थंडी ना ऊब, एकसारखी ओल. कार्बाइडच्या दिव्याचा तो लसणासारखा वास अजून माझ्या वह्यांना येतो असे मला वाटते. प्रोफेसर आणि दुसरे दोघे खालच्या एका फाट्यावर काम करत होते. आमच्याकडे वरचा फाटा. त्याच्या सतराव्या स्टेशनाशी वाट एकदम अरुंद झाली. जमिनीलगत एक भोक, पालथे पडून सरपटत जावे लागेल असे.

मी आत डोकावलो आणि मागे सरलो. मला अडचणीच्या जागेची लहानपणापासून भीती. त्या वेळी डॉक्टरही तिथे आला होता. दादाने त्याच्याकडे बघून डोळा मिचकावला आणि मला म्हणाला, “मास्तर, तू आठेच बस. तुन्हं पोट अडकी जाई, मंग सायबांना नकाशा तुन्हा पोटवरतीन काढना पडी.” डॉक्टरला शब्द कळले नाहीत, पण तो हसला. मी इथेच बसावे, माझे पोट अडकेल, हे मला लागले. इतकी लहान गोष्ट, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे म्हणून लिहितो.

डॉक्टर परत गेला. आमचे असे ठरले की मी सतराव्या स्टेशनाशीच बसायचे. लिहायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून टेपचे टोक माझ्या गुडघ्याशेजारच्या एका दगडाला बांधले. दादा पलीकडे जाऊन पहिले माप सांगेल, दोन हिसके देईल, मी गाठ सोडेन, आणि टोक तो आपल्याकडे ओढून घेईल. पुढची मापे तिकडचा दगड धरून तो एकटाच घेईल आणि ओरडून सांगेल.

दादा पालथा झाला आणि सरपटत आत गेला. त्याच्या जोड्यांचे खिळे दिव्यात चमकले, मग दिसेनासे झाले. थोड्या वेळाने दगड घरंगळल्याचा आवाज आला. वाट मोकळी करताना तो नेहमी दगड ढकलायचा, म्हणून मी लक्ष दिले नाही. मग काही वेळ शांतता. मी पेन्सिल तासली.

मग त्याचा आवाज आला. “एकतीस फूट. दिशा चाळीस.”

मी परत म्हटले. “बराबर शे.” मी लिहिले.

पुढे पाचएक मिनिटांनी दुसरे माप आले. चोवीस फूट, एकशेतीस. मी म्हटले, त्याने बराबर शे म्हटले, मी लिहिले. मग तिसरे. चाळीस फूट, दोनशेवीस. तेही तसेच.

तोपर्यंत मी त्या ओलीत बसून आखडलो होतो. सकाळपासून पोटात काही नव्हते, आणि मनात ते पोटावरचे हसणे घोळत होते. घरी सहामाहीच्या वह्या तपासायच्या पडल्या होत्या. यांच्या नकाशापायी मी इथे का बसलो आहे, असे विचार. अशात चौथे माप आले. “पंचवीस फूट, आठ इंच. दिशा तीनशे साडेतीस.”

आवाज या वेळी मोठा नव्हता. ओरडून सांगितल्यासारखा नव्हताच. घरात ओट्यावर बसून बोलावे तसा होता. मला ते जाणवले, पण गुहेत आवाजाचा भरवसा नसतो, कधी दूरचा जवळ वाटतो. मी मान वर केली नाही. आकडे परत म्हटले नाहीत. रागात नुसते लिहून टाकले.

त्यानंतर काही आले नाही.

मी बराच वेळ बसलो. मग हाका मारल्या. मग भोकात तोंड घालून हाका मारल्या. पलीकडे दिवा दिसत नव्हता. आत जायचे धैर्य मला झाले नाही, हेही लिहून ठेवतो. मी धावत प्रोफेसरांकडे गेलो.

ते भोक बारा फूट लांब होते. त्याच्या पलीकडच्या तोंडाशीच खोल विहिरीसारखा खड्डा होता, रुंदी दहा फूट, खोली साठाच्या वर. दादा त्याच्या तळाशी होता. डॉक्टर दोरावरून उतरला. वर येऊन त्याने सांगितले की मान मोडली आहे, आणि पडताक्षणीच सगळे संपले असणार. हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल.

मी म्हटले, पण तो पलीकडे गेला होता. त्याने चार मापे दिली. मग परत येताना पडला असेल.

प्रोफेसर माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या गुडघ्याशेजारच्या दगडाकडे बघत होते. टेपचे टोक त्या दगडाला जसेच्या तसे बांधलेले होते. मी गाठ सोडलीच नव्हती. सोडायची खूण, ते दोन हिसके, मला आलेच नव्हते, आणि ते आले नाहीत हे माझ्या लक्षातही आले नव्हते. टेप तिथून भोकात गेली होती आणि खड्ड्याच्या कडेवरून खाली लोंबत थेट दादाच्या हातातल्या डबीपर्यंत पोचली होती. टोक इथे बांधलेले, मग दुसरे, तिसरे, चौथे माप त्याने कशाने घेतले?

त्यांनी दिवे लावून पलीकडची कड दुरून न्याहाळली. तिथे ओला गाळ होता. त्यावर एकही पाऊल उठलेले नव्हते. भिंतीवर काजळीचा क्रमांक नव्हता.

पंचनामा झाला. अपघात. दादाला आम्ही प्रकाशाला आणले आणि तापीच्या घाटावर निरोप दिला. निघण्याआधी प्रोफेसर मला भेटायला घरी आले. नोंदवही त्यांच्यापाशी होती. शेवटची चार मापे नकाशात घेता येणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. मग फार हळू आवाजात म्हणाले की दमलेला, कंटाळलेला माणूस कधीकधी बसल्या जागी आकडे लिहितो. त्यांनी हे इतर देशांतही पाहिले आहे. त्यांच्या मनात माझ्याविषयी राग नाही.

माझ्या भावाच्या मरणाच्या वेळी मी बसल्या जागी आकडे लिहिले, असे ते म्हणत होते. ज्या गोष्टीसाठी दादाने एकाची वही विहिरीत टाकली होती, ती गोष्ट.

मी नाही म्हटले. पण त्यांच्या म्हणण्यापेक्षा वाईट शंका माझ्या मनात होती, ती मी बोललो नाही. डॉक्टर चुकला असेल तर? दादा खाली जिवंत असेल, हाका मारत असेल, आणि माझ्या कानांनी त्या हाकांचे आकडे केले असतील तर? मी पेन्सिल तासत बसलो होतो तेव्हा?

तेराव्यानंतर एका दुपारी वहिनी ओसरीवर आल्या. घरात तेव्हा दुसरे कोणी नव्हते. त्यांनी पदर सावरला आणि विचारले, “भाऊ, खरं सांगा. त्यास्नी तुमले हाक मारी का?”

मी म्हटले, नाही वहिनी, हाक मारली नाही. त्यांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. मी खोटे बोललो की खरे, हे मला पुढची सहा वर्षे ठाऊक नव्हते. शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज ऐकला तरी मी वर्गाबाहेर येऊन उभा राही.

युद्धाच्या आदल्या हिवाळ्यात प्रोफेसरांचे पत्र आले. ते पुन्हा येत होते, नवी माणसे आणि चांगले दोर घेऊन. अपुरा फाटा त्यांना पुरा करायचा होता. पत्राच्या शेवटी लिहिले होते की ती जुनी वही त्यांनी त्या दिवसापासून उघडलेली नाही, कोणाला दाखवलेली नाही, आणि मी आलो तर त्यांना बरे वाटेल.

मी गेलो. वहिनींना नंदुरबारला काम आहे असे सांगितले.

प्रोफेसर आता काठी घेऊन चालत होते, सतराव्या स्टेशनापर्यंत जेमतेम आले. दादाच्या हातचा १७ भिंतीवर तसाच होता, सातला त्याची ती आडवी रेघ. नव्या माणसांनी खड्ड्यावर दोन जाड बांबू टाकले, दोर ताणले. दोन तरुण पलीकडे गेले. त्यांना मागच्या खेपेची हकीकत ठाऊक नव्हती. प्रोफेसरांनी मुद्दाम सांगितली नव्हती. वही लिहायला तिसरा होता. मी भिंतीला टेकून बसलो, तेव्हा बसलो होतो तिथेच.

पलीकडून इंग्रजीत आवाज आला. एकतीस फूट. चाळीस.

लिहिणाऱ्याने आकडे परत म्हटले. प्रोफेसरांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. आकडे तेच आहेत हे त्यांना कळले असावे.

चोवीस फूट, एकशेतीस.

चाळीस फूट, दोनशेवीस.

मी दोन्ही हातांनी जमीन धरली होती. माझ्या मनात भीती नव्हती, एवढेच सांगतो. सहा वर्षांत प्रथमच मला नीट श्वास घेता आला. त्या हाका नव्हत्या. मी काही रचले नव्हते, आणि मी त्याला मरू दिले नव्हते. ज्या वाटेवर तोवर कोणाचे पाऊल पडले नव्हते, तिची मापे मला माझ्या भावाच्या आवाजात मिळाली होती.

मग पलीकडून तो तरुण म्हणाला, “संपले. पुढे भिंत आहे.”

त्यांनी तास-दीड तास सगळीकडे ठोकून पाहिले. अखंड काळा दगड. बोट जाईल एवढी फटही नाही. चौथे माप घेता येईल अशी जागाच तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर उन्हात प्रोफेसरांनी फळीवर कागद लावला. सतरावे स्टेशन म्हणून एक ठिपका दिला आणि तिथून नव्या मापांच्या तीन रेषा ओढल्या. वाट पुढे जाऊन उजवीकडे वळली होती, मग पुन्हा उजवीकडे वळून मागे आली होती. मग त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली. तिला मेणकापडात गुंडाळून वर लाख लावली होती, ती त्यांनी माझ्यादेखत फोडली. माझे अक्षर. पहिली तीन मापे त्यांनी बोट ठेवून ताडून पाहिली. इंचाचा फरक नव्हता.

“चौथे?” मी विचारले.

“तिकडे दगड आहे,” ते म्हणाले. तरी त्यांनी कोनमापक ठेवला, पट्टी ठेवली, आणि तीनशे साडेतीसच्या दिशेने पंचवीस फूट आठ इंचांची एक तुटक रेषा ओढू लागले. अर्ध्यावर त्यांचा हात हळू झाला. रेषा पुरी झाली तेव्हा पेन्सिलीचे टोक सतराव्या स्टेशनाच्या ठिपक्यावर होते.

मोजणी करणारा माणूस फिरून निघाल्या जागी परत आला, आणि कागदावर रेषा रेषेला मिळाली, की मोजणी निर्दोष ठरते. दादा याला ‘घर गाठणे’ म्हणायचा. प्रोफेसरांनी पेन्सिल खाली ठेवली. मोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी मला विचारले, “तुम कहाँ बैठा था?”

मी त्या ठिपक्यावर बोट ठेवले.

प्रोफेसरांनी माझी क्षमा मागितली, आणि तीन मापांच्या खाली मोजणी करणारा म्हणून दादाचे नाव घातले. तुटक रेषा त्यांनी खोडली नाही. तिच्याशेजारी काहीच लिहिले नाही. नकाशाची एक प्रत मला दिली.

मी नंतर पुष्कळ विचार केला. दगडातून आवाज पोचला असेल म्हणावे, तर पलीकडे आवाज करणारे कोणी नव्हते. आकडे योगायोगाने जुळले म्हणावे, तर एक जुळेल, दोन जुळतील. मी गणित शिकवतो, मला हे मुलांना पटवता येणार नाही. गुहांच्या हवेने भास होतात असे डॉक्टर म्हणाला होता. भासाला खड्ड्यापलीकडची वाट कशी ठाऊक? आणि तो घरात बोलल्यासारखा जवळचा आवाज...

प्रकाशाला परत आलो आणि त्याच दिवशी वहिनींना सगळे सांगितले. नकाशा पुढे ठेवला. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण दादाच्या संसारात नकाशे पाहून पाहून त्यांना ते कळत. तुटक रेषेवरून त्यांनी बोट फिरवले, ठिपक्यापर्यंत.

“मंग त्या तुम्हना जोडे उनथात,” त्या म्हणाल्या. म्हणजे ते तुमच्याजवळ आले होते.

मी नकाशाचे वळलेले टोक दाबून धरले.

“तुम्ही ओ दिधी व्हती का?”

पहिल्या तिन्ही वेळा दिली, मी म्हटले. चौथ्या वेळी मान वर केली नाही. रागात होतो.

मला वाटले त्या उठून जातील. त्या तशाच बसून राहिल्या. बाहेर गडी कापसाची ओझी उतरवत होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आते द्या.”

मला आधी कळले नाही. मग कळले. मी म्हटले, “पंचवीस फूट, आठ इंच. दिशा तीनशे साडेतीस.”

वहिनींनी डोळे मिटले होते.

“बराबर शे,” त्या म्हणाल्या.

नकाशा माझ्या पेटीत आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने यावे, मापे ताडून घ्यावीत. उलगडा मात्र माझ्याकडे मागू नये. तो मला सापडलेला नाही.